एक हात, एक नाव

सुहास तगारे यांच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात अकरा माणसं राहत होती.

खणात होता टायपिंग क्लासचा जुना हजेरीपट. क्लास बंद पडून सहा वर्षं झाली होती, पण कोरी पानं वाया घालवणं तगारे सरांच्या स्वभावात नव्हतं. तेव्हा एकेका पानावर एकेक माणूस. पान एक: जोशी मास्तर, गडहिंग्लज, निवृत्त, मणक्याचा त्रास, जुन्या वळणाची भाषा. पान दोन: मालती ओक, गुहागर, एकट्या, मुलगा मस्कतला, गुडघा दुखतो, दुपारी दोन ते चार झोप, त्या वेळात उत्तर द्यायचं नाही. पान पाच: शबाना मुल्ला, मिरज, नर्स, घाईत लिहिते, वेलांट्या चुकवायच्या. पान नऊ: बंडू, चंदगड, कॉलेजात, दर तिसऱ्या वाक्याला 'खतरनाक'. अशी अकरा. सगळी सभ्य, सगळी सवडीची, आणि सगळ्यांना एकच नाद: हेमलता तगारे यांचं लिखाण.

हेमलताबाई म्हणजे सरांची बायको. त्या स्वयंपाकघरात, त्यांचे अकरा वाचक बाहेरच्या खोलीत, मध्ये फुलाफुलांचा पडदा. चार वर्षं ही वस्ती सुखाने नांदली.

सुरुवात कशी झाली ते सांगायला हवं, नाहीतर सर लबाड वाटतील. होतेच, पण कारणाने.

हेमलताबाई कराडच्या एसटी स्टँडवर उद्घोषक होत्या. सव्वीस वर्षं. त्यांच्या सांगण्यावरून निम्मा तालुका उठला, धावला, चढला; त्यांचं तोंड मात्र कोणाला माहीत नव्हतं. मंडईत त्यांनी मेथीचा भाव विचारला की भाजीवाली जुडी तशीच धरून बघत राहायची. "आगं बया! तुमी त्या वडूजच्या गाडीवाल्या काय?" बाई वरवर रागवायच्या. घरी येऊन मात्र तीच गोष्ट तीनदा सांगायच्या.

मग घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याशी एक छिद्र राहिलं, श्वास तिथून घ्यायचा. डॉक्टर तरुण होते, उत्साही होते. म्हणाले, "काकू, आता काही अवघड नाही. स्टँडवरच्या तुमच्या जुन्या घोषणा आहेत ना, त्यांवरून हुबेहूब तुमचा आवाज तयार करू. गळ्यात पट्टी बांधायची, तुम्ही टाइप करायचं, पट्टी बोलेल." बाईंनी हातातल्या पाटीवर लिहिलं. पाटी म्हणजे लिहून लगेच पुसता येणारी, पातळ, इलेक्ट्रॉनिक. 'तो आवाज माझ्यासारखा असेल. माझा नसेल. नको.'

डॉक्टरांनी सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं.

त्यानंतर त्या लिहू लागल्या. नाशिकच्या सात-आठ पोरापोरींनी 'चिमूट' नावाची सेवा काढली होती. एका वेळी फक्त एकशे चाळीस अक्षरं, नुसती मराठीत, जाहिरात नाही. लिहिलं की ते साऱ्या चिमूटकरांसमोर जायचं; ज्याला आवडेल तो तुमचा वाचक व्हायचा, उत्तर द्यायचा. एकट्याशीच बोलायचं असेल तर 'कानगोष्ट' करायची, ती दोघांतच राहायची आणि तिला अक्षरांचं बंधन नव्हतं. बाईंनी 'फलाट सात' नावाने खातं काढलं, खाली स्वतःचं नावही दिलं. सोबतीला म्हणून सरांनीही त्याच दिवशी स्वतःच्या नावाने एक काढलं आणि त्यावर काहीही लिहिलं नाही.

बाईंनी लिहिलं: 'माहेरी निघालेली मुलगी दारातच उभी राहते. सासरी निघालेली खिडकी शोधते.'

आणि: 'बस चुकलेला माणूस आधी घड्याळाकडे बघतो, मग ड्रायव्हरच्या आईकडे वळतो.'

आणि एकदा: 'सव्वीस वर्षं गावांची नावं घेतली. त्यातल्या एकाही गावाला गेले नाही.'

चाळीस दिवस कोणी काही बोललं नाही. बाई भांडी घासायच्या, हात पुसायच्या, फोन उघडायच्या, शून्य बघायच्या. दिवसातून किती वेळा? सरांनी एकदा मोजलं: एकोणीस. एक्केचाळिसाव्या दिवशी गडहिंग्लजच्या जोशी मास्तरांनी उत्तर दिलं: 'फार नेमके निरीक्षण. लिहीत राहावे.' पडद्याआड कढई खाली ठेवल्याचा आवाज आला आणि नंतर बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. सर समजले, बाई ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचताहेत. आठवड्याने मालतीताई आल्या. मग काय, येतच गेले.

आता कोणी म्हणेल, सरांचं स्वतःच्या नावाचं खातं होतं, त्यावरून दोन शब्द लिहायला काय झालं होतं? तीच तर गोम. बायकोला चारचौघांत 'छान' म्हणायचं, हे तगाऱ्यांच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं. वडिलांना आईच्या हातची आमटी आवडली की ते वाटी पुढे सरकवायचे. तेवढी स्तुती आईला जन्मभर पुरली, असं सरांचं मत होतं. आईचं मत कोणी घेतलं नव्हतं. अकरा उसन्या माणसांना मात्र हे घराणं लागू नव्हतं. ती मोकळेपणाने बोलायची. सरांना कधीकधी त्यांचा हेवा वाटायचा.

बाई टोमणे मारायच्या. पाटी नाकासमोर धरायच्या: 'गुहागरची बाई माझं वाचते. कराडचा नवरा वाचत नाही.'

"वाचतो की अधनंमधनं."

'शेवटचं काय वाचलंत?'

सरांना शेवटची चाळीस तोंडपाठ होती. ते म्हणाले, "ते आपलं... बसचं काहीतरी."

बाई बिनआवाजाचं हसायच्या, पाटी पुसायच्या आणि आत जायच्या.

दोन वर्षांमागे एक बारावा माणूस आला होता. खरा. बाबर आडनावाचा कोणी निवृत्त एसटी ड्रायव्हर. त्याने पहिल्याच दिवशी लिहिलं: 'वडूज गाडी सातवर कधीच लागत नव्हती. पाचवर लागायची. नीट आठवा.' दुसऱ्या दिवशी: 'माहेरच्या पोरी दारात उभ्या राहतात हे खरं, पण कंडक्टर त्यांना आत ढकलतो हे का लिवलं नाही?' सरांच्या डोक्यात तिडीक गेली. आपल्या बायकोला हा कोण सांगणार? त्या एका दुपारी अकराच्या अकरा जण बाबरवर तुटून पडले. जोशी मास्तरांनी शुद्ध भाषेत खरडपट्टी काढली, बंडूने अशुद्ध. शबानाने 'तुमाला काय कळतय' असं वेलांटी चुकवून सुनावलं. बाबरने एवढंच लिहिलं: 'बरं. चुकलं माझं. नमस्कार.' आणि तो गेला.

त्या संध्याकाळी मालतीताईंच्या खात्यावर बाईंची कानगोष्ट आली. 'सगळे त्या बाबरांवर का धावून गेले हो? ते मला आठवायला लावत होते.' सरांनी मालतीताईंच्या नावाने उत्तर दिलं, की लोकांना तुमची माया आहे, दुसरं काय. बाईंनी पुढे लिहिलं, आणि ते वाचताना सरांचा अंगठा काचेवर तसाच राहिला: 'माया आहे खरी. घरातलं माणूस तेवढं काही बोलत नाही. आवाज गेल्यापासून एकदाही म्हणाले नाहीत की चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्यांना होत नसेल.'

बारा पावलांवर बाई बसल्या होत्या. पडदा बाजूला करायचा आणि बोलायचं, एवढंच होतं. सर उठले नाहीत. त्यांनी मालतीताईंकडून लांबलचक, छान उत्तर लिहवलं.

एव्हाना जगात यंत्रांचं बोलणं माजलं होतं. कुठल्याही सेवेवर जा, दहातली नऊ माणसं माणसं नसायची. यंत्रं यंत्रांना शाबासकी द्यायची, यंत्रं यंत्रांशी भांडायची. चिमूट लहान म्हणून तग धरून होती, पण तिथेही ती घुसू लागली होती. चिमूटवर एक 'सुधारणा पेटी' होती. कोणीही सूचना टाकावी, सगळ्यांनी मत द्यावं, मंजूर झाली तर नाशिकवाले तसा बदल करत. बाई या पेटीच्या भक्त. अक्षरं मोठी करून मिळावीत, पाठवलेलं मिनिटभरात दुरुस्त करता यावं, अशा त्यांच्या दोन सूचना मंजूर झाल्या होत्या, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. तिसरी त्यांनी गेल्या चैत्रात टाकली: 'एक हात, एक नाव. जे माणसाच्या हाताने लिहिलं तेच ठेवा. आणि एका हाताचं एकच नाव असू द्या. माझे अकरा वाचक खरे आहेत. त्यांच्यात यंत्रं येऊन बसायला नकोत.'

पाटीवर तेच लिहून त्यांनी सरांना दाखवलं. सर म्हणाले, "असं कुठे ओळखता येतं का हात?"

येत होतं. ते सरांइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार? क्लासमध्ये बावीस टाइपरायटर एकदम खडखडायचे, आणि सर दाराकडे तोंड करून सांगायचे, "मागच्या रांगेत सूर्यवंशी, करंगळी वापर." चालीवरून माणूस कळतो, तसा ठोक्यावरून हात कळतो. नाशिकच्या पोरांनी त्याचंच यंत्र केलं होतं. माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. फोन कितीही घट्ट धरा, मेंदू आणि स्नायू यांच्यात निरोपांची ये-जा चालू असते, आणि तिच्यामुळे बोटं सेकंदाला आठ ते बारा वेळा कापत असतात. डोळ्यांना ते दिसत नाही. पण फोन उभा धरलाय की आडवा हे ओळखणारा जो इवलासा संवेदक फोनात बसवलेला असतो, त्याला कळतं. त्यात भर लिहिण्याच्या लयीची: कुठली कळ किती वेळ दाबली, बोट पुढच्या अक्षरावर केवढ्यात गेलं, जोडाक्षराआधी किती अडखळलं. दोन्ही मिळून निघणारा आलेख सहीपेक्षा पक्का. सही गिरवता येते, कारण ती दिसते. स्वतःच्या हाताचं कापणंच माणसाला दिसत नाही, मग तो ते बदलणार कसा? आणि यंत्राने रचलेल्या मजकुराला कंपच नसतो, तो तर दारातच अडतो.

सरांनी अकरा जणांना अकरा गावं दिली होती, अकरा दुखणी दिली होती, चुकासुद्धा वाटून दिल्या होत्या. हात द्यायचे राहिले होते.

जोशी मास्तरांनी विरोध करून पाहिला. 'हेमाताई, मनुष्य कधी कधी लाजेपोटी नाव लपवितो. तो चोरच असतो असे नव्हे.'

बाईंचं उत्तर पाच मिनिटांत आलं. 'मास्तर, लाज वाटत असेल तर गप्प बसावं. दुसऱ्याच्या तोंडाने बोलू नये.'

सरांनी हजेरीपट खणात सारला.

मतदान उघड असायचं, नावानिशी. बाई दर तासाला यादी बघायच्या: आपल्या अकरांपैकी कोणी मत दिलं, कोणी अजून नाही. आपलीच माणसं विरोधात गेलेली त्यांना दिसावीत, हे सरांना बघवेना. चार हजारांच्या मतदानात अकरांनी काय होतंय, असं म्हणत त्यांनी एकेक करून सगळ्यांची मतं बाजूने टाकली. 'हेमाताईंनी पटविले,' असं मास्तरांनी वर लिहिलंसुद्धा. सूचना नऊ मतांनी मंजूर झाली.

नऊ. अकरातून नऊ गेले दोन. सरांनी हा हिशेब तीन वेळा केला, तिन्ही वेळा तेच आलं.

त्या दिवशी बाईंनी शिरा केला. अंमलबजावणी एक जुलैला होणार होती. मधे अठरा दिवस होते.

चौथ्या दिवशी सर फोन घेऊन कोपऱ्यावरच्या बागेतल्या बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी नाशिकला फोन लावला. शर्वरी नावाची मुलगी बोलली. लय ओळखण्याचं काम तिच्याकडेच होतं.

"समजा," सर म्हणाले, "एका माणसाची दोन-तीन खाती असली, तर एक तारखेला काय होणार?"

"काही नाही काका, एकत्र होणार. त्या हाताचं जे सगळ्यात जुनं खातं, त्याच्या नावावर बाकीच्यांचं सगळं जाणार."

"जुनी उत्तरंसुद्धा?"

"हो ना. लय आम्ही पहिल्यापासून साठवतोय, शब्द सुचवण्यासाठी लागायची. आता कामाला आली."

"आणि कोणी आधीच खाती बंद केली तर?"

"खातं बंद झालं तरी उत्तरं राहतात काका. ती ज्या हाताची, त्याच्याकडे जातील." ती थांबली. "काही अडचण आहे का? तुमचं नाव काय म्हणालात?"

"नाही, सहज. मी टायपिंग शिकवायचो, म्हणून कुतूहल."

"अरे वा! टायपिंगवाल्यांचा हात आमच्या यंत्राला फार आवडतो हं. इतका एकसारखा ठोका, शंभरात एकदम उठून दिसतो." ती हसली. मग जरा हळू म्हणाली, "काका, घरातलंच काही असेल तर तारखेच्या आधी सांगून टाका. यंत्राने सांगितल्यावर फार वाईट दिसतं ते."

पोरगी शहाणी होती. सर बाकावर बसून राहिले. समोर दोन म्हातारे टाळ्या वाजवत हसण्याचा व्यायाम करत होते.

सांगायचं ठरलं. रोज ठरलं. पहिल्या दिवशी बाईंचं डोकं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी दुखत नव्हतं, तेव्हा दुखवायला नको वाटलं. एकदा सर स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. "हेमा, ते चिमूटचं..." बाईंनी पोळी उलटली आणि भुवया उंचावल्या. "ते तुझे वाचक आहेत ना, गुहागरच्या वगैरे..." बाईंनी पिठाचे हात तसेच पाटीकडे नेले. 'काय झालं मालतीताईंना?' डोळ्यांत खरी धास्ती होती. सर म्हणाले, "काही नाही. बऱ्या असतील."

दुसरा मार्ग त्यांनी काढला तो त्याहून वाईट. माणसं हळूहळू कमी करू, म्हणजे धक्का लहान बसेल. बंडूने नोकरी लागल्याचं सांगून निरोप घेतला. शबानाची बदली झाली. बाईंनी दोघांना भरभरून शुभेच्छा दिल्या आणि त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. तिसऱ्याच्या निरोपानंतर मालतीताईंना कानगोष्ट आली: 'माझ्या लिखाणात काही उतरलंय का हो? खरं सांगा. तुम्ही खोटं बोलणार नाही.' सरांनी तिथेच तो खेळ थांबवला. मालतीताईंनी कळवलं की उतरलं-बितरलं काही नाही, लोकांना उद्योग असतात.

एक जुलैला सकाळी बाई न्हाऊन, वेणी घालून टेबलाशी बसल्या. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. उजाडताच त्यांनी लिहिलं होतं: 'आज माझी माणसं शिक्क्यानिशी खरी ठरणार.' सरांनी चहा केला. आठ वाजता सांगू, असं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. आठ वाजले. नऊही. बाईंनी चहात बिस्कीट बुडवलं, अर्धं सरांच्या बशीत ठेवलं. दहाला बदल झाला.

फोनचा आवाज वगैरे काही झाला नाही. एवढंच की जिथे 'वाचक' असं लिहिलेलं असायचं, त्याखाली एकच ओळ उरली.

सुहास तगारे.

बाईंना वाटलं, यंत्राची चूक. त्यांनी मागची उत्तरं काढली. सुहास तगारे. त्यामागची. सुहास तगारे. मास्तरांची शुद्ध वाक्यं, चुकवलेल्या वेलांट्या, 'खतरनाक', सगळ्यांच्या डोक्यावर तेच नाव. त्यांनी समोर पाहिलं. सर बशीतल्या अर्ध्या बिस्किटाकडे बघत होते. मग विचारायची गरज राहिली नाही.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सरांच्या मनात आलं, आणि आपण काय म्हणतोय हे कळून त्यांनाच कसंतरी झालं.

बाई दोन दिवस वाचत होत्या. चार वर्षांचं सगळं, पहिल्यापासून. मधेच कुठल्यातरी जुन्या विनोदावर त्यांचे खांदे हलले, आणि मग त्यांना आठवलं असावं, कारण खांदे थांबले. स्वयंपाक त्यांनी केला, वाढलाही. सर समोर बसले की त्या मान खाली घालून वाचायच्या. सर म्हणाले, "हेमा, माझं चुकलं." त्यांनी पान उलटावं तसा पडदा पुढे सरकवला.

तिसऱ्या दिवशी पाटी पुढे आली. तीवर एकच शब्द: 'बाबर?'

"तो खरा होता. त्याच्यावर धावून गेलो तो मीच. सगळे मीच. तुला टोचून बोलत होता तो."

बाईंनी पुसलं, लिहिलं. इतक्या जोरात की पाटीवर चरा उठला. 'तो एकटा विचारत होता. तुम्ही अकरा जण नुसते हो म्हणत होतात.'

त्यांनी फोन उघडून बाबरचं खातं काढलं. ते दोन वर्षांमागेच, तो गेला त्या संध्याकाळी, बंद झालेलं होतं. बंद खात्याला कानगोष्ट जात नाही, तरी त्यांनी लिहिली, पाठवली. ती परत आली. पुन्हा पाठवली. पुन्हा आली. मग त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि एक विचित्र चौकशी सुरू केली. घरात कोणी गेल्यावर आलेल्या नातेवाइकाला विचारावं तशी.

'मालतीताईंचा मुलगा मस्कतला नाही?'

"नाही."

'बंडूला नोकरी?'

"नाही गं."

'शबानाला मी खोकल्याचा काढा कळवला होता. कोणी प्याला?'

प्याले होते सरच.

'मालतीताईंचा गुडघा?'

"तो... माझाच."

'मास्तरांचा मणका?'

"तोही."

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच इतका वेळ. मग लिहिलं: 'तुमचा गुडघा दुखतो, हे मला गुहागरहून कळलं.'

सरांना वाटलं, आता हसतील. हे वाक्य चिमूटवर टाकण्याजोगं होतं. बंडू असता तर काय म्हणाला असता तेही त्यांना सुचलं. बाई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले, आणि सरांना नीट कळलं की हे डोळे त्यांच्यासाठी भरलेले नाहीत. गुहागरच्या घरात एकट्या राहणाऱ्या, दुपारी दोन ते चार झोपणाऱ्या एका बाईसाठी भरलेत. जिला चार वर्षं सगळं सांगितलं, ती मेलीसुद्धा नव्हती, नव्हतीच. तिचं सुतक कसं पाळणार? भेटायला कोण येणार? या घरात अकरा माणसं गेली होती आणि ज्याच्याकडे रडावं तो त्यांना घेऊन गेलेला माणूस होता.

पुढचा आठवडा बाईंनी एक अक्षर लिहिलं नाही. चिमूटवर नाही, पाटीवरही नाही. भाजी काय करू, हे त्या भाजी उचलून दाखवून विचारायच्या. सरांनी धीर करून स्वतःच्या नावाने लिहिलं, चारचौघांत, आयुष्यात पहिल्यांदा: 'फलाट सात वाचतो. चार वर्षं वाचतोय. फार छान लिहितात.' शंभरेक चिमूटकरांनी ते वाचलं. काहींना सगळा प्रकार कळला होता. एकाने लिहिलं, 'काका, किती गोड!' बाईंनी ते पाहिलं की नाही, सरांना कळलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी सर पडदा बाजूला करून आत गेले. बाई खिडकीशी बसून मटार सोलत होत्या. सर त्यांच्यासमोर खाली बसले. गुडघा कटकन वाजला, तो त्यांनी लपवला नाही. तगाऱ्यांच्या तीन पिढ्या पाठीशी उभ्या राहून त्यांचं तोंड दाबत होत्या. तरी ते बोलले.

"हेमा. आवाज गेल्यापासून मला घर घर वाटत नाही. सकाळी पाणी तापलं म्हणून तू हाक मारायचीस ना, ती वेळ झाली की मी अजून थांबतो. आत जात नाही. थांबतो."

मटारचा दाणा बाईंच्या हातातून घरंगळला. त्यांचा चेहरा हलला; कपाळापासून हनुवटीपर्यंत काहीतरी सरकत गेलं, आणि एक क्षण, एकच क्षण, सरांना वाटलं की पोचलं.

मग त्यांनी पदराला हात पुसले, फोन घेतला आणि खाली, खाली, दोन वर्षं खाली गेल्या. सापडलं तेव्हा तो सरांच्या हातात दिला.

बाबर गेला त्या संध्याकाळची कानगोष्ट होती. ते लांबलचक, छान उत्तर. 'हेमाताई, पुरुष बोलत नाहीत हो. पण सकाळी पाणी तापलं म्हणून तुम्ही हाक मारायचात ना, ती वेळ झाली की ते अजून थांबत असतील बघा. आत जात नसतील.' डोक्यावर नाव: सुहास तगारे.

त्याखाली बाईंनी लिहिलेलं होतं. 'तुम्ही चांगल्या आहात म्हणून तुम्हाला तसं वाटतं, मालतीताई. हा माणूस तसा नाही.'

आणि त्याखाली, पडदा मध्ये असताना, बारा पावलांवरून, मालतीताईंना शोभेल असं म्हणून त्यांनी दिलेलं उत्तर. सुहास तगारे: 'असेलही तसं. तुम्ही जपा स्वतःला.'